छातीची सोनोग्राफी आणि आपल्या घरातली कुजबूज

प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये दर्शनी जागी एक पाटी असते: इथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ती पाटी सक्तीची आहे आणि ती हवीच. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. पण या पाटीचा एक परिणाम कुणीच ठरवून केलेला नाही. सोनोग्राफी म्हणजे पोट, सोनोग्राफी म्हणजे दिवस गेले, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की लग्न न झालेल्या मुलीला त्या दारात कुणी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत गावात तिची गोष्ट तयार होते.

मी रेडीची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं हे शेवटचं गाव; पुढे तेरेखोलचा किल्ला, आणि तो गोव्यात. बाहेरच्यांना रेडी ठाऊक असते ती गणपतीच्या देवळामुळे, नाहीतर लोहखनिजाच्या खाणींमुळे. आमच्या या पट्ट्यात मुसलमानांची घरं थोडी आणि एकमेकांच्या नात्यातली. एका घरात खोकला आला की दुसऱ्या घरात काढा उकळतो. या जवळिकीचा आधार मोठा आहे, मी तो नाकारत नाही. पण जिथे सगळ्यांना सगळं कळतं, तिथे बाईच्या शरीराबद्दल बोलायला जागा उरत नाही.

बाविसाव्या वर्षी मला उजव्या स्तनात गाठ लागली. वाटाण्यापेक्षा मोठी, बोटाखालून सटकणारी, न दुखणारी. मी त्याच दिवशी अम्मीला सांगितलं. त्यानंतर घरात चार महिने सल्लामसलत चालली. शेजारच्या खालाने एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगितलं. फुफीचं म्हणणं, लग्न झालं, मूल झालं की विरघळते. कतारला असलेल्या भावाला सांगायचं की नाही यावर वेगळी चर्चा. शेवटी डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, तेव्हा अम्मीचा पहिला प्रश्न होता, "दुसरं काही लिहून देता येणार नाही का?" तिला गाठीची भीती होतीच, पण त्या शब्दाची जास्त होती. बसस्टॉपवर ओळखीच्या काकींनी विचारलंच, "काय गो, कोणाक बरा नाय?" अम्मीने स्वतःचं पोट दुखत असल्याचं सांगून टाकलं.

मला कुणी आधी नीट सांगितलं असतं की आत काय होतं, तर त्या चार महिन्यांतली निम्मी भीती गेली असती. म्हणून ते इथे सांगते.

आधी नाव. घरात आपण 'छाती' म्हणतो. काउंटरवर मात्र 'छातीची सोनोग्राफी' म्हटलं तर समोरचा हृदयाची किंवा फुप्फुसाची तपासणी समजू शकतो. 'स्तनाची सोनोग्राफी' म्हणा. जीभ अडत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करा. उपाशीपोटी जायची गरज नाही. पोटाच्या सोनोग्राफीसारखं लिटरभर पाणी पिऊन ताटकळत बसायचीही गरज नाही. त्या दिवशी काखेत आणि छातीवर पावडर, क्रीम, अत्तर लावू नका. अंगात एकसंध लांब ड्रेस नको. कुर्ता-सलवार किंवा पुढून उघडणारा टॉप बरा, म्हणजे कमरेखालचे कपडे तसेच राहतात. गळ्यात साखळी किंवा तावीज असेल तर काढून पर्समध्ये ठेवा, जेलमध्ये बरबटतो. पाळी चालू असली तरी तपासणी होते. पाळीच्या आधी स्तन जड आणि हुळहुळे होतात, त्यामुळे घाई नसेल तर पाळी येऊन गेल्यानंतरचे दिवस सोयीचे. गरोदर बाईची आणि अंगावर पाजणाऱ्या आईचीही ही तपासणी करता येते, कारण यात एक्स-रे नसतो, फक्त आवाजाच्या लहरी असतात. त्या इतक्या वरच्या पट्टीतल्या असतात की कानाला ऐकूच येत नाहीत.

फॉर्म भरताना लग्न झालंय का, पाळी कधी आली, मूल आहे का, आई-मावशी-आजी यांत कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, असे प्रश्न येतात. लग्नाचा प्रश्न ऐकून माझे कान तापले होते. पण ती वैद्यकीय माहिती आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. गरोदर बायांच्या सोनोग्राफीला कायद्याने जो वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्याचा तुमच्या तपासणीशी संबंध नाही. आणि तुम्ही अठरा पूर्ण केली असतील तर तुमची स्वतःची सही पुरे. वडिलांची, भावाची, नवऱ्याची सही लागते हा गैरसमज आपल्याकडे घट्ट आहे.

आत खोलीत अंधूक उजेड असतो, कारण पडदा नीट दिसावा लागतो. उताणं झोपायला सांगतात, ज्या बाजूची तपासणी आहे तो हात डोक्यामागे, कधी पाठीखाली छोटी उशी देऊन थोडं कुशीवर. एका वेळी एकच बाजू उघडी ठेवली तरी चालतं. दुसरी चादरीने किंवा तुमच्याच ओढणीने झाकून घ्या, त्यात संकोच नको. मग जेल. ते गार असतं, पहिल्या क्षणाला दचकायला होतं. त्यावरून डॉक्टर एक हातात मावेल असा प्रोब फिरवतात, घड्याळाच्या काट्यांसारखा गोल-गोल, मग काखेतही, कारण तिथे लसिकेच्या गाठी असतात. थोडा दाब पडतो, दुखत नाही. एखाद्या जागी डॉक्टर थांबतात, पुन्हा पुन्हा तिथेच येतात, टकटक बटणं दाबतात. मला तेव्हा वाटलं, संपलं. खरं तर ते माप घेत होते: लांबी, रुंदी, खोली. कधी पडद्यावर लाल-निळे ठिपके लुकलुकतात. लाल म्हणजे धोका असं काही नाही. रक्त प्रोबच्या दिशेने येतंय की लांब जातंय, एवढंच ते रंग सांगतात. दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा धरून सगळं साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. जेल पाण्यात विरघळणारं असतं. पुसलं, धुतलं की गेलं, डाग राहत नाही.

आपल्या मुलींच्या मनातले दोन प्रश्नही इथेच घेते, कारण ते कुणी मोठ्याने विचारत नाही. रोजा असताना ही तपासणी चालते का? बाहेरून कातडीवर फिरवलेल्या यंत्राने आणि जेलने रोजा तुटत नाही. दुसरा प्रश्न, डॉक्टर पुरुष असला तर? स्त्री डॉक्टर मिळत असेल तर ती मागा, तुमचा हक्क आहे. मिळत नसेल तर उपचारासाठी, लागेल तेवढाच भाग, पुरुष डॉक्टराला दाखवण्याची मुभा आपल्या फिकहने कधीच दिली आहे. गरजेपुढे मनाई सैल होते हे त्याचं जुनं तत्त्व. प्रेषितांच्या काळात रुबय्यी बिन्त मुअव्विज आणि इतर स्त्रिया रणांगणावर जखमी पुरुषांची शुश्रूषा करत होत्या. तेव्हा 'शरियत आड येते' असं सांगून मुलीला घरी बसवणारा माणूस शरियत सांगत नसतो, स्वतःची लाज सांगत असतो.

माझ्या वेळी डॉक्टर पुरुषच होते. स्त्री डॉक्टर कधी असतात असं मी विचारलं, तर रिसेप्शनवरच्या मुलाने "त्या गुरुवारी, त्याही नक्की नाही" म्हणून मान खाली घातली. अम्मीला आत यायचं होतं, तर "पेशंट एकटाच" असं सुनावलं. हे मान्य करू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. पुरुष डॉक्टर स्त्रीची शारीरिक तपासणी करत असेल तर दुसरी स्त्री हजर असली पाहिजे, हे तिथे स्पष्ट आहे. नर्स, आया, आई, मैत्रीण, कुणीही. मी एवढंच म्हटलं, "आई आत नसेल तर मी झोपणार नाही." आई आत आली. भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही. डॉक्टर स्वतः अगदी सभ्य होते, प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांगत होते.

रिपोर्टचं बोलू. तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो आणि शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स' नावाखाली एक आकडा असतो. मुली हा आकडा मोबाइलवर शोधतात आणि रात्रभर रडतात, म्हणून सोपं करून सांगते. 1 म्हणजे काही आढळलं नाही. 2 म्हणजे आढळलंय, पण निरुपद्रवी, उदाहरणार्थ पाण्याची साधी गाठ. 3 म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. 4 म्हणजे शंका आहे, सुईने तुकडा काढून तपासायचा; यातही अनेकींचा निकाल साधाच निघतो. 5 म्हणजे शंका दाट. 6 म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे. आणि 0 म्हणजे शून्य धोका नव्हे, तर चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी. हा शेवटचा घोटाळा मी दोघींच्या बाबतीत पाहिला. शून्य वाचून घरी पेढे वाटायचे बाकी होते.

मला 3 मिळाला. फायब्रोअडेनोमा, म्हणजे तरुण मुलींमध्ये खूप आढळणारी, कॅन्सर नसलेली गाठ. सहा महिन्यांनी तेवढीच, वर्षाने तेवढीच. अजून आहे. लग्नाने विरघळली नाही, एरंडाच्या पानानेही नाही.

आता थोडं उलट बाजूने. हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्याच मुलींची सोनोग्राफी करून घेऊ, जमातीतर्फे शिबिर लावू. माझा याला विरोध आहे. काहीही तक्रार नसलेल्या विशीतल्या मुलीला सोनोग्राफीची गरज नसते. केली तर काहीतरी बारीकसं दिसतं, मग सहा महिने झोप उडते, कधी विनाकारण सुई लागते. लॅबवाल्यांची 'लेडीज पॅकेज' याच भीतीवर चालतात. सोनोग्राफी ही प्रश्न पडल्यावर उत्तर शोधायची तपासणी आहे: नवी गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून आपोआप येणारं रक्त, काखेतली गाठ. तिशीच्या आत यातलं काही असेल तर पहिली तपासणी सोनोग्राफीच, कारण तरुण स्तन दाट असतो. मॅमोग्राफीत तोही पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी, काही उमगत नाही. चाळिशीच्या पुढे मात्र मॅमोग्राफीला पर्याय म्हणून सोनोग्राफी पुरत नाही, कारण कॅल्शियमचे अगदी बारीक कण तिला सहसा दिसत नाहीत. आईसोबत जाल तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

शिबिराला दुसरीही अडचण आहे. त्याच गर्भलिंगविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच राहतं. नोंदणीकृत फिरत्या दवाखान्याचा अपवाद सोडला तर ते जीपमध्ये घालून रेडीच्या मदरशात आणता येत नाही. आणूही नये.

मग गावात काय करता येतं? हाताने तपासणी. हे कमी प्रतीचं वाटेल, पण तसं नाही. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 1998 मध्ये झोपडपट्ट्यांतल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक बायांवर एक मोठा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. यंत्र नाही, वीज नाही. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 20 वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले: तपासणी झालेल्या बायांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूंत असा फरक दिसला नाही, हेही त्यांनी लिहिलंय. म्हणजे आपल्या आया, खाला, फुफी यांच्यासाठी प्रशिक्षित बाईचा हात हे मोठं औषध आहे.

सरकारी कार्यक्रमातही तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या भारतीय बायांपैकी कधी तरी स्तनाची तपासणी झालेल्या निघाल्या 0.9 टक्के. शंभरात एकही नाही. त्याच देशात 2022 च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार बायांना स्तनाचा कॅन्सर होतो आणि सुमारे 98 हजार जणी त्याने जातात.

माझी थोरली खाला त्यातली. एक्केचाळीस वर्षांची होती. तिने दोन वर्षं गाठ कुणाला दाखवली नाही. पाणी यायला लागलं तेव्हा सुनेला वास आला म्हणून कळलं. तिने का लपवलं हे मी विचारलं होतं. "तुझ्या मामूंना कसं सांगू?" एवढंच म्हणाली. तेहतीस वर्षांचा संसार नव्हता, पण वीस वर्षांचा होता. वीस वर्षांत नवऱ्याशी स्वतःच्या छातीबद्दल एक वाक्य बोलायची सोय झाली नव्हती.

म्हणून मुलग्यांनाही दोन शब्द, तुम्हीही हे वाचताय. बहिणीने 'डॉक्टरकडे जायचंय' म्हटलं तर कशासाठी हे विचारायची गरज नाही. गाडी काढा. कुठे चाललात असं नाक्यावर कुणी विचारलं तर तुम्ही उत्तर द्या, तिला द्यायला लावू नका. आखातातून पैसे पाठवणारे भाऊ घरातल्या निर्णयांत आपसूक मोठे होतात. ते मोठेपण अशा वेळी फोनवर "आजच जा" एवढं म्हणण्यात वापरा. आणि ज्यांच्याशी लग्न ठरतंय त्या मुलीला फायब्रोअडेनोमा आहे म्हणून पाय मागे घेणाऱ्यांनी आधी तो शब्द समजून घ्यावा.

अंतराचा प्रश्न खरा आहे. आमच्यासाठी शिरोडा शेजारी, वेंगुर्ला तालुक्याचं ठिकाण, पुढे सावंतवाडी, आणि जिल्ह्याचं ओरोस लांब. त्यामुळे कित्येकजण तेरेखोलला उतरून फेरीबोटीने केरी गाठतात आणि म्हापसा, बांबोळीकडे जातात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजने 2018 मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते, ते याच अवलंबनामुळे. नदीपलीकडे गोव्यात 2021 पासून 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहिमेत आरोग्य केंद्रांतच हातात मावणाऱ्या उपकरणाने बायांचे स्तन तपासले जाऊ लागले. नदी एकच, अलीकडच्या बाईने काय पाप केलंय?

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊकच नाही. खासगीत पैसे मोजण्याआधी तिथे विचारा. पण मोफत असून उपयोग काय, जर कुठल्या दिवशी कोण डॉक्टर आहे हेच गावात कळत नसेल. आपल्याकडे नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. रेडीत, शिरोड्यात, बांद्यात, जिथे असाल तिथे त्या सभेत आपल्या मुली दिसत नाहीत. पुढच्या सभेला चार-पाच जणींनी जाऊन एकच लेखी मागणी द्यायची: वेंगुर्ला आणि सावंतवाडीच्या सरकारी रुग्णालयांत स्त्री डॉक्टरकडून स्तनाची सोनोग्राफी कोणत्या वारी होते, ते उपकेंद्राच्या फळ्यावर आणि आशाताईंच्या वहीत लिहिलेलं असावं, आणि असा वार नसेल तर महिन्यातून एक ठरवून मिळावा. रेडीतल्या अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. मराठीत आहे, एका पानाचा. ज्यांना हवा त्यांनी गावाचं नाव बदलून वापरावा.